माझ्या गाडीचा काटा आणि शेषरावअण्णा

शेषरावअण्णा आमच्या घरी आले की आधी बसत नाहीत. चपला दाराशी काढतात, सरळ भिंतीवरच्या घड्याळापाशी जातात, काचेवर नखानं दोनदा टिचकी मारतात, कान देतात आणि मग आमच्याकडे वळून सांगतात, "चालू हाय." घड्याळ चालू आहे हे आम्हालाही दिसत असतं. पण अण्णांनी सांगितल्याशिवाय आमच्या घरात वेळ अधिकृत होत नाही.

ज्या वस्तूला काटा आहे ती तपासल्याशिवाय अण्णांचा पाय पुढे पडत नाही. भाजीवाल्याच्या तराजूच्या पारड्याखाली चिकटलेला चिखल ते स्वतः खरवडून काढतात आणि मगच मेथीची जुडी घेतात, जी वजनावर मिळतच नाही. टायरमध्ये हवा भरणारा त्यांना लांबून बघितलं की आपणहून गेजला टिचकी मारून दाखवतो. डॉक्टरांकडे गेले तर डॉक्टर अण्णांचा रक्तदाब बघत असतात आणि अण्णा यंत्राची तब्येत. "काटा आधी शून्यावर हाय का बघा, बाकीचं मग," हे त्यांचं पालुपद. आमच्या कॉलनीतल्या लहान मुलांना पाढ्यांच्या आधी हे वाक्य येतं.

हे वेड नोकरीतून आलं असं सगळे धरून चालतात. वाळूजच्या रस्त्यावर एका खाजगी वजनकाट्यावर अण्णांनी उभी हयात काढली. कापसाचे, भंगाराचे, कांद्याचे ट्रक यायचे आणि प्रत्येक ट्रक चढण्याआधी अण्णा काटा शून्यावर आणून ठेवायचे. पुढे तिथं लाल आकडे दाखवणारं यंत्र आलं आणि अण्णांचं मन उडालं. त्यांचं म्हणणं, आकडा तोंडावर फेकून मोकळा होतो. काटा थरथरतो, इचार करतो, मग बोलतो. असा माणूस शेजारी असला की आपण विचार न करता बोलतो हे सारखं जाणवत राहतं.

माझ्या बाबतीत तर त्यांनी नुकसानच केलं आहे. आमच्या घरी एक वजनाचं यंत्र होतं. मी त्यावर रोज सकाळी उभा राहायचो आणि समाधानानं उतरायचो. अण्णांनी एकदा त्याच्याकडे वाकून पाहिलं. काटा शून्याच्या चार घरं अलीकडेच झोपला होता. त्यांनी खालची चकती फिरवून तो सरळ केला आणि सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, केलेला चहा पिऊन होईपर्यंत माझं वजन चार किलोनं वाढलं. त्या दिवसापासून मी यंत्रावर चढत नाही, अण्णा मात्र त्याला टिचकी मारून जातात.

नवल म्हणजे, कॉलनीतल्या एकाही मोटारसायकलच्या मीटरला अण्णांनी कधी बोट लावलं नव्हतं. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं असतं तर मी हुशार ठरलो असतो. पण मी भूगोलाचा शिक्षक. वारे कोणत्या दिशेनं वाहतात ते मला पाठ आहे, शेजारी काय चाललंय ते बायकोकडून कळतं.

शिवाय माझ्या गाडीचं मीटर कुणी बघू नये अशीच माझी इच्छा होती. माझी मोटारसायकल जुनी, आणि तिच्या मीटरचा काटा काही महिन्यांपासून स्वतंत्र झाला होता. गाडी सुरू केली की तो एकदा शंभरापर्यंत फिरून यायचा, मग मनाला येईल तिथं मुक्काम करायचा. क्रांती चौकात लाल दिव्यापाशी मी साठच्या वेगानं उभा असायचो. पडेगावच्या चढावर सायकलवरचा दूधवाला मला मागे टाकून गेला तेव्हा माझा काटा ऐंशीला टेकला होता. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. ज्याला शाळेपासून सगळे 'सावकाश' म्हणत आले, त्याला ऐंशी दिसत असतील तर तो दुरुस्ती कशाला करील? सुनंदा मागे बसून म्हणायची, "अहो, नुसते काट्यानं नका पोचू, गाडीनंही पोचा."

आता गयाकाकूंबद्दल सांगायला हवं. काकू म्हणजे अण्णांच्या पत्नी. दोनेक वर्षांपूर्वी त्या अण्णांच्या गाडीवरून पडल्या. दौलताबादला त्यांची धाकटी बहीण सुभद्रा राहते, तिच्याकडून येताना छावणीजवळच्या गतिरोधकावर गाडी उडाली आणि काकू रस्त्यावर. हात मोडला. तो पुढे बरा झाला, आता फक्त भाकरी थापताना कुरकुरतो. अण्णांनी मात्र त्याच आठवड्यात गाडी विकून टाकली आणि पुन्हा हँडलला हात लावला नाही. त्यानंतर काकूही बहिणीकडे गेल्या नव्हत्या.

यंदा थंडी सुरू झाल्यावर एका संध्याकाळी अण्णा घरी आले आणि घड्याळाकडे न जाता सरळ खुर्चीत बसले. आम्ही दोघं घाबरलो. सुनंदानं त्यांना पाणी दिलं. बराच वेळ ग्लास हातात फिरवून ते म्हणाले, "सर, भोगीच्या दिवशी तुमची गाडी मिळंल का?"

मग हकीकत कळली. सुभद्रामावशींना त्यांचा मुलगा संक्रांत झाली की नाशिकला कायमचं नेणार होता. घर बंद होणार होतं. भोगीची भाजी-भाकरी बहिणीच्या हातची आणि तिच्याच चुलीपाशी बसून खायची, एवढंच काकूंनी मागितलं होतं. मी म्हटलं, रिक्षा ठरवू. शाळेतल्या एकाची कार आहे, ती मागू. अण्णांनी मान हलवली. रिक्षा नको, कार नको, बस नको. जाईन तर अण्णांच्याच मागं गाडीवर बसून, नाहीतर जायचंच नाही, असा काकूंचा हट्ट होता. तो कशासाठी हे अण्णांना उमजत नव्हतं आणि त्याहून मला नाही.

गाडी दाखवायला आम्ही खाली गेलो. इंजिन बंद, गाडी स्टँडवर आणि काटा साठावर. अण्णा कितीतरी वेळ बघत राहिले.

"सर, ही उभी हाय का पळतीय?"

मी हसलो. अण्णा हसले नाहीत. हा काटा खरं बोलायला लागल्याशिवाय मी तिला या गाडीवर बसवणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. म्हणजे काकूंची भोगी आता माझ्या मीटरवर अवलंबून होती, ज्याच्यावर मी स्वतः कशासाठीच अवलंबून नव्हतो.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर दुरुस्ती सुरू झाली. अण्णा काही मेकॅनिक नव्हेत, पण वजनकाट्याचं शास्त्र सगळ्या काट्यांना लागू होतं अशी त्यांची श्रद्धा. आणि मी तर साधा बल्बही दोन वेळा उलटा फिरवणारा. अण्णांनी इंजिनखाली विटा रचून पुढचं चाक अधांतरी केलं आणि मला ते हातानं फिरवायला बसवलं. चाकापासून मीटरपर्यंत एक केबल जाते, आतली तार फिरली की काटा हलतो. तार वरच्या टोकाला फिरते की नाही हे त्यांना बघायचं होतं. ते त्यांनी बघितलं, मग समोरून आलेल्या दूधवाल्याशी बोलायला गेले, आणि मी फिरवतच राहिलो. माझ्या वर्गातल्या दोन मुली क्लासहून परत जात होत्या. त्यांनी मला नमस्कार केला. पृथ्वीच्या परिवलनावरचा धडा नुकताच झाला होता, त्यामुळे त्यांना फारसं वावगं वाटलं नसावं.

निदान झालं. तार फिरतेय, पण कोरडी ठणठणीत आहे, म्हणून काटा उड्या मारतो. तेल पाहिजे. मी तत्परतेनं वर गेलो आणि तेल घेऊन आलो. तेल ते तेल असा माझा समज. आम्ही तार बाहेर ओढली, मनसोक्त तेल पाजलं आणि परत घातली. एक चक्कर मारली. काटा इतका लोण्यासारखा चालला की अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एवढा गौरव माझा शाळेच्या रौप्यमहोत्सवातही झाला नव्हता.

सकाळी शाळेला निघालो तर काटा हलेना. संध्याकाळी अण्णांना दाखवायला आणला तर व्यवस्थित. परत सकाळी ठप्प, दुपारनंतर सुरळीत. अण्णा चक्रावले. त्यांच्या सबंध कारकिर्दीत उशिरा उठणारा काटा त्यांनी पाहिला नव्हता. ते भल्या सकाळी मफलर गुंडाळून माझ्या गाडीपाशी येऊन उभे राहू लागले. मी चक्कर मारायची, त्यांनी माझ्या तोंडाकडे बघायचं, मी मान हलवायची. त्यांनी दवाला दोष दिला, मग छावणीकडून येणाऱ्या वाऱ्याला. वाऱ्यांबाबत मी जाणकार, म्हणून मी तो मुद्दा उचलून धरला आणि त्यांना ईशान्य मोसमी वाऱ्यांबद्दल बरंच सांगितलं.

कोडं सुनंदानं सोडवलं. ती खाली कपडे वाळत घालत होती. मीटरपाशी वाकून तिनं वास घेतला आणि विचारलं, "माझं खोबरेल तेल तुम्ही ह्याच्या डोक्याला चोपडलंत का?"

तेल केबलमधून वर मीटरमध्ये चढलं होतं आणि थंडीत रोज रात्री थिजत होतं. आमच्या बाथरूममध्ये ती बाटली सकाळी पांढरीशुभ्र गोठलेली असते, हे मी रोज बघत होतो. सुनंदा ती उन्हात ठेवते हेही बघत होतो. पण बाथरूममधलं ज्ञान मोटारसायकलला लावायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अण्णांनी मफलर काढून घडी केली, ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मग पेट्रोलनं सगळं धुऊन काढलं, दुकानातून खरं ग्रीस आणलं. येताना गुलमंडीत तिळगुळाचे ढीग लागलेले दिसले, तेव्हा भोगी तोंडावर आल्याचं ध्यानात आलं. केबल ग्रीस लावून बसवली. काटा सकाळीही उठू लागला, उड्या थांबल्या. एकच गोष्ट राहिली. गाडी थांबली की काटा शून्यावर न येता दहावर येऊन बसायचा.

मला वाटलं, आता अण्णांचा खास प्रांत आला. शून्य म्हणजे त्यांचं घरचं अंगण. मी आनंदानं मीटर उघडलं, काच काढली आणि स्क्रूड्रायव्हर त्यांच्यापुढे धरला. अण्णांनी हात मागे घेतला. काट्याला हात लावायचा नाही, म्हणाले. मी म्हटलं, मग मी लावतो, त्यात काय, उपटायचा आणि शून्यावर दाबायचा, नजरेनं. आणि काट्याला बोट लावलं.

"नजरेनं नाय!"

अण्णांचा एवढा चढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. माझ्या हातून स्क्रूड्रायव्हर पडला. अण्णा जिन्याच्या पायरीवर बसले. थोड्या वेळानं त्यांनी मलाही बसायला सांगितलं आणि बोलायला लागले, माझ्याकडे न बघता.

त्यांच्या गाडीच्या मीटरच्या काचेत आतून धूळ साचली होती. त्यांनी एका दुपारी घरीच ते उघडलं, पुसलं आणि काढलेला काटा परत बसवला. नजरेनं. तीस वर्षं शून्य बघितलेली नजर, तिला कोण चुकवणार? काटा खाली टेकला होता खरा, पण खरं शून्य त्याच्या बरंच वर होतं, म्हणून तो प्रत्येक वेग कमीच सांगायचा. त्याच आठवड्यात ते काकूंना घेऊन दौलताबादला गेले.

"येताना काटा वीस सांगत हुता, सर. पोटात माझ्या कळत हुतं की गाडी जोरात हाय. वारा लागत हुता, तिनं पदर आवळून धरला हुता, समदं कळत हुतं. पण मी पोटाचं ऐकलं नाय. काट्याचं ऐकलं. म्हटलं, काट्यावर भरोसा ठेवून आपण आयुष्य काढलं, आज कसा बेइमान व्हईल? काटा बेइमान नव्हता. मी लावला हुता तो."

दोन वर्षं हा माणूस गाड्यांचे मीटर सोडून कॉलनीतल्या प्रत्येक काट्याला टिचकी मारत हिंडत होता आणि आम्ही त्याला हौस म्हणत होतो. हे काकूंना सांगितलंत का, असं मी विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. ती समजते गतिरोधक दिसला नाही म्हणून, ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि अण्णांना मागे बसवून जुन्या शहरातल्या एका मीटर दुरुस्तीवाल्याकडे गाडी नेली. त्यानं काटा उपटून परत नेमका बसवला. तेवढा वेळ अण्णा दुकानाकडे पाठ करून रहदारी बघत उभे होते.

तरी त्यांचा विश्वास बसेना. वजनकाट्याची पडताळणी दुसऱ्या खात्रीच्या वजनानं करतात, म्हणून मीटरचीही करायची ठरली. सुनंदाची स्कूटर नवी, आकडे दाखवणारी. अण्णांना आकडे आवडत नाहीत, पण साक्षीला चालतात. पडेगावच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर आम्ही गेलो. मी मोटारसायकल चालवतोय, अण्णा मागून माझ्या खांद्यावरून मान काढून काटा बघतायत, आणि शेजारून सुनंदा ओरडतेय, "तीस!" अण्णा ओरडतायत, "तीस!" पुन्हा ती "चाळीस!", पुन्हा ते "चाळीस!" एका ट्रकवाल्यानं गती कमी करून लिलाव कशाचा चाललाय ते पाहून घेतलं. काटा आणि आकडा शेवटपर्यंत एकमेकांना सोडून गेले नाहीत.

भोगीच्या सकाळी काकू हिरवं लुगडं नेसून, तीळ लावून करायच्या भाकरीसाठी बाजरीचं पीठ आणि बहिणीसाठी घेतलेली साडी पिशवीत घालून खाली येऊन उभ्या राहिल्या. अण्णा गाडीभोवती फिरत होते. टायर दाबला. आरसा पुसला. मीटरला टिचकी मारली. ऊन जरा वर येऊ द्या म्हणाले. ऊन वर आलं. मग आज वारा फार आहे म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. मी वाऱ्यांबाबत काही बोललो नाही. शेवटी हेल्मेट घरी राहिलं म्हणून ते वर गेले. हेल्मेट गाडीच्या आरशालाच लटकत होतं.

मी काकूंना हळूच म्हटलं, मी सोडून येतो ना तुम्हाला, नाहीतर रिक्षा बोलावतो, हट्ट कशाला?

"भाऊ, मला काय रिक्षा ठाव नाय?" काकू म्हणाल्या. "रिक्षानं गेले तर हे हितंच बसतील जलमभर काचा वाजवीत. मी गाडीवरनं पडले आन् उठले बी. हे अजून पडलेलेच हायेत."

त्यांना ठाऊक होतं. काट्याचं ठाऊक होतं की नाही ते मी विचारलं नाही, पण बाकीचं सगळं ठाऊक होतं.

अण्णा रिकाम्या हातानं खाली आले, आरशावरचं हेल्मेट त्यांना दिसलं आणि आता करण्यासारखं काही उरलं नाही. ते गाडीवर बसले. काकू मागे बसल्या, एका अंगावर पाय सोडून, मोडलेला हात अण्णांच्या खांद्यावर. मी सुनंदाच्या स्कूटरवर शेजारून चालायचं आणि आकडा सांगत राहायचं, अशी अण्णांची अट होती. आम्ही निघालो. अण्णांचे डोळे मीटरवरून हलत नव्हते. "सर, किती?" "पंधरा, अण्णा." "सर, किती?" "चौदा." मागून येणारे हॉर्न वाजवून वाजवून दमले. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी शेजारी वेगवान वाटत होतो.

छावणीजवळ तो गतिरोधक आला. अण्णांनी चांगलं लांबूनच गाडी थांबवली आणि दोन्ही पाय जमिनीला टेकले.

"सर, किती?"

"शून्य, अण्णा. आपण उभे आहोत."

ते तरी काट्याकडेच बघत राहिले. मागे रिक्षा, टेम्पो साचायला लागले. तेव्हा काकू पुढे वाकल्या.

"अवो, त्या काट्याकडं काय बघता? रस्त्याकडं बघा. जोरात झालं तर मी सांगते. मी हाय ना मागं."

अण्णांनी मान वर केली. समोरचा रस्ता त्यांनी पहिल्यांदाच बघितला असावा. गाडी हळूहळू गतिरोधकावर चढली, उतरली, काकूंच्या हातातली पिशवी जराशी हलली, बस्स. मग ते पुढे निघाले. त्यानंतर अण्णांनी मला आकडा विचारला नाही. पडेगाव गेलं, मिटमिटा गेलं, काकू काहीतरी सांगत होत्या आणि अण्णा मान हलवत होते. त्यांच्याबरोबर राहायला मला स्कूटर पळवावी लागत होती. माझ्यासमोर पस्तीस आला, मग अडतीस, मग चाळीस.

मी तो कुणालाच सांगितला नाही.